सेवा का खोळंबते? प्रॉक्सी सर्व्हरमधील उणिवांचा एक अभ्यास

खरीप हंगामातील पीक विम्याचे अर्ज भरण्याची मुदत अनेक वर्षे ३१ जुलै हीच राहत आली आहे. बीड जिल्ह्यातील शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावर असल्यामुळे येथील शेतकरी या तारखेकडे ज्या काळजीने पाहतो ती काळजी बारमाही बागायतीच्या मुलखात सहसा आढळत नाही. पाऊस लांबला की पेरणी लांबते, पेरणी लांबली की हातात पैसा उशिरा येतो आणि मग विम्याचा अर्जही अखेरच्या दोन-चार दिवसांवर जाऊन पडतो. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा उतरविण्याची सवलत देण्यात आली होती. २०२५ च्या खरिपापासून ती बंद झाली. सवलतीच्या त्या पहिल्या वर्षी ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढविण्यात आली होती. मुदतवाढ मिळणे ही दिलाशाची गोष्ट खरी. परंतु ती मिळेलच या आशेवर कोणत्याही शेतकऱ्याने कापूस किंवा सोयाबीन पेरलेले नसते.

अशा दिवसांत गेवराई, केज किंवा धारूर तालुक्यातील एखाद्या सेवा केंद्रावर गेले, तर बाहेर रांग आणि आत एकच वाक्य ऐकू येते : “सर्व्हर डाऊन आहे.” हे दोन इंग्रजी शब्द आता खेड्यापाड्यांत इतके रुळले आहेत, की त्यांचा अर्थ कोणी विचारीत नाही. वास्तविक या एका वाक्याखाली निरनिराळी पाच-सहा दुखणी लपलेली असतात. कधी केबल तुटलेली असते. कधी वीज गेलेली असते. कधी खरोखरीच इतके लोक एकाच वेळी आलेले असतात, की मूळ यंत्रणेस ते झेपत नाहीत. कधी कोणी दुष्ट हेतूने यंत्रणेवर भार टाकीत असतो. आणि कधी मूळ यंत्रणा ठणठणीत असूनही, तिच्यापर्यंत पोहोचविणारा जो मध्यस्थ असतो तोच अंग टाकतो. या मध्यस्थास प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. त्याचे कार्य, त्याच्या रचनेत राहून गेलेल्या उणिवा आणि त्या उणिवांचा फायदा घेऊन सेवा बंद पाडण्याचे प्रकार यांची माहिती अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना असणे आता अगत्याचे झाले आहे. कारण महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा पात्र व्यक्तीचा हक्क असून, पुरेशा कारणाशिवाय विलंब करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. यंत्र बंद होते हे कारण पुरेसे की अपुरे, याचा निवाडा करावयाचा झाल्यास ते का बंद होते हे आधी कळले पाहिजे.

मध्यस्थाचे काम

बाजार समितीत शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये अडत्या उभा असतो. माल त्याच्यापाशी येतो, बोली त्याच्यासमोर होते, हिशेब त्याच्या वहीत उतरतो. शेतकऱ्यास व्यापारी आणि व्यापाऱ्यास शेतकरी प्रत्यक्ष ठाऊक असलाच पाहिजे असे नाही. प्रॉक्सी सर्व्हर हा संगणकांच्या व्यवहारातील असाच अडत्या होय. वापरणाऱ्याची मागणी तो स्वतःकडे घेतो, स्वतःच्या नावाने पुढे पाठवितो आणि आलेले उत्तर मागणाऱ्याच्या हाती देतो.

हा मध्यस्थ दोन ठिकाणी बसविलेला असतो. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात किंवा मोठ्या कार्यालयात तो वापरणाऱ्यांच्या बाजूस असतो. तेथे तो नको असलेली संकेतस्थळे अडवितो, कोणी काय पाहिले याची नोंद ठेवतो आणि एकदा आणलेले पान जवळ साठवून दुसऱ्या मागणीच्या वेळी बाहेर न जाता देऊन टाकतो. चाळीस विद्यार्थ्यांनी एकच पान उघडले, तरी ते बाहेरून एकदाच यावे अशी ही योजना असते. दुसरा प्रकार याच्या उलट, म्हणजे माहिती केंद्राच्या दाराशी उभा असतो. राज्यभरातून येणाऱ्या मागण्या तो स्वीकारतो, आतील अनेक संगणकांत वाटून देतो आणि आतील यंत्रणा बाहेरच्या जगास प्रत्यक्ष दिसू देत नाही. पहिल्या प्रकारात स्क्विड हे मोफत सॉफ्टवेअर १९९६ पासून जगभर वापरात आहे. दुसऱ्या प्रकारात एनजिन्एक्स, एचएप्रॉक्सी, व्हार्निश, अपाचे ट्रॅफिक सर्व्हर ही नावे वारंवार आढळतात.

बीड शहराच्या दक्षिणेस असलेली खजाना विहीर जिल्ह्यातील बहुतेकांनी पाहिलेली असेल. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेल्या या विहिरीचे पाणी मोटेवाचून भूमिगत मार्गांनी शेतांकडे वाहते. विहिरीत पाणी कितीही असो, त्या मार्गाच्या तोंडाशी दगड-गाळ अडकला तर खालचे शेत कोरडेच राहणार. प्रॉक्सी सर्व्हर हे असे तोंड आहे. ते बुजले की आत भरलेली माहिती असून नसल्यासारखी होते.

पूर आणि भगदाड

सेवा बंद पाडण्याचे प्रकार ढोबळ मानाने दोन आहेत आणि त्यांतील भेद ध्यानी न घेतल्याने पुष्कळ गोंधळ होतो. पहिला प्रकार पुराचा. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील काही इंटरनेट सेवा पुरवठादारांवर असा हल्ला झाला. दर सेकंदास सुमारे २०० गिगाबिट इतका निरर्थक माहितीचा लोंढा त्यांच्या वाहिन्यांवर सोडण्यात आल्याचे पोलिसांनी त्या वेळी सांगितले होते. येथे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये दोष असण्याची गरज नसते. पात्राहून पाणी अधिक झाले, एवढीच गोष्ट. असा पूर आणण्यास मात्र हजारो संगणक हाताशी असावे लागतात.

दुसरा प्रकार भगदाडाचा. बंधाऱ्याच्या भिंतीत कोठे पोकळी आहे हे ज्यास ठाऊक आहे त्याला पुराची वाट पाहावी लागत नाही. एक पहार पुरते. प्रॉक्सी सॉफ्टवेअरमध्ये अशी पोकळी राहून गेलेली असेल, तर एक साधा संगणक, साधी जोडणी आणि विशिष्ट तऱ्हेने लिहिलेली एकच मागणी यांच्या बळावर संपूर्ण कार्यालयाची सेवा थांबविता येते. भगदाडाचा हा प्रकार अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे, कारण तो बुजविणे बहुतेक वेळा स्थानिक व्यवस्थापनाच्या हाती असते. पुरास तोंड देणे तसे नसते.

उणिवांचे स्वरूप

सर्वांत जुनी आणि समजण्यास सोपी उणीव म्हणजे वाट पाहण्याची. तहसील कार्यालयाच्या खिडकीशी एखादा मनुष्य यावा, “माझे नाव” एवढे बोलून थांबावा, पाच मिनिटांनी आणखी एक शब्द उच्चारावा, आणि लिपिकाने शिष्टाचार म्हणून त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत दुसऱ्या कोणास पुढे येऊ देऊ नये, असा हा प्रकार आहे. २००९ मध्ये रॉबर्ट हॅन्सन या सुरक्षा-अभ्यासकाने ‘स्लोलॉरिस’ नावाचा जो छोटा प्रोग्राम प्रसिद्ध केला, त्याने नेमके हेच करून दाखविले. त्या वेळच्या अपाचे सर्व्हरमध्ये प्रत्येक जोडणीमागे एक स्वतंत्र कामकरी अडकून पडे. शे-दोनशे अर्धवट मागण्या उघड्या ठेवल्या, की खिडक्या संपत. नंतरच्या प्रॉक्सींची रचना निराळी असून एकच प्रक्रिया हजारो जोडण्या सांभाळते. तथापि प्रत्येक उघडी जोडणी कार्यप्रणालीच्या नोंदवहीत एक जागा घेतेच, आणि या जागा अनेक लिनक्स यंत्रांवर मुळात १०२४ एवढ्याच ठरवून दिलेल्या असतात. ही मर्यादा न वाढविता शंभर संगणकांच्या प्रयोगशाळेपुढे प्रॉक्सी बसविला, तर हल्लेखोराची गरजच उरत नाही. परीक्षेचा निकाल लागण्याचा दिवस पुरेसा होतो.

दुसरी उणीव आज्ञाधारकपणाची आहे. संकेतस्थळावरील मोठी फाईल तुकड्यातुकड्यांनी मागण्याची सोय असते, ती तुटलेली जोडणी पुन्हा जुळल्यावर राहिलेला भाग तेवढा आणता यावा म्हणून. ऑगस्ट २०११ मध्ये असे उघडकीस आले, की एकाच फाईलचे परस्परांवर चढणारे शेकडो तुकडे एकाच मागणीत मागितले, तर अपाचे सर्व्हर प्रत्येक तुकड्याची तजवीज स्मृतीत करू लागतो आणि थोड्याच वेळात स्मृती संपून यंत्र गुदमरते. एका सातबाऱ्याच्या शेकडो नकला, पहिली पहिल्या ओळीपासून, दुसरी दुसऱ्या ओळीपासून, अशा मागाव्यात आणि लिपिकाने एकही प्रश्न न विचारता त्या लिहावयास बसावे, तसे हे झाले. दहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, स्क्विडमध्येही याच सोयीच्या हाताळणीतील दोष जाहीर झाले. एका सॉफ्टवेअरमधील चूक दुसऱ्याने वाचली आणि तिच्यापासून धडा घेतला, असे या क्षेत्रात फारसे घडत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.

तिसऱ्या उणिवेस संगणकशास्त्रात पुनरावर्तन म्हणतात. प्रोग्रामचा एखादा भाग आपले काम पुरे करण्यासाठी पुन्हा स्वतःलाच हाक मारतो. त्या हाकेत पुन्हा हाक असते. प्रत्येक हाकेची टीप स्मृतीतील एका छोट्या कप्प्यात ठेवावी लागते, आणि हाका थांबल्या नाहीत तर तो कप्पा भरून प्रोग्राम कोसळतो. फाईल ज्या टेबलावरून निघाली त्याच टेबलाकडे अभिप्रायासाठी येत राहावी आणि दर वेळी तिला एक पान जोडले जावे, ही उपमा शासकीय वाचकांस अधिक स्पष्टीकरणावाचून पटावी. मधल्या प्रॉक्सींची साखळी नोंदविणारी जी ओळ मागणीसोबत येते ती अवाजवी लांब केल्यास स्क्विड अशा हाकांत सापडत असे. हा दोष डिसेंबर २०२३ मध्ये ६.६ या आवृत्तीत दूर करण्यात आला. तुकड्यातुकड्यांनी येणारा मजकूर उलगडण्याच्या भागातही हीच खोट निघाली व ती मार्च २०२४ मधील ६.८ आवृत्तीत दुरुस्त झाली. या दुसऱ्या दोषाची झळ ३.५.२७ पासून ६.७ पर्यंतच्या आवृत्त्यांना लागू होती. एकदा बसवून दिलेला प्रॉक्सी वर्षानुवर्षे तसाच चालू ठेवणाऱ्या संस्थांनी हे आकडे आपल्या यंत्रावरील आकड्याशी ताडून पाहणे इष्ट होय. त्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. ‘स्क्विड’ या आज्ञेपुढे रोमन लिपीतील लहान ‘व्ही’ हे अक्षर आडव्या रेघेसह लिहिले, की आवृत्तीचा क्रमांक पडद्यावर येतो.

चौथा प्रकार चमत्कारिक आहे. प्रोग्राम लिहिणारे सावधगिरी म्हणून जागोजागी तपासणी घालून ठेवतात : अमुक गोष्ट कधीच घडणार नाही, घडलीच तर काम ताबडतोब थांबवावे. हेतू चांगला असतो. भलत्याच अवस्थेत पुढे जाऊन माहिती बिघडविण्यापेक्षा थांबलेले बरे. परंतु ती ‘कधीच न घडणारी’ गोष्ट बाहेरच्या माणसास मुद्दाम घडविता आली, तर सावधगिरीचे ते बटण त्याच्या हाती जाते. स्क्विडची मुख्य प्रक्रिया थांबलेल्या कामकऱ्यास पुन्हा उभे करते, म्हणून एखाददुसरा प्रसंग कोणाच्या लक्षातही येत नाही. तोच प्रसंग घाईघाईने वारंवार घडला, तर मुख्य प्रक्रियाही प्रयत्न सोडते आणि मग सकाळी कार्यालय उघडणाऱ्या शिपायापासून साहेबांपर्यंत सर्वांना कळते.

अलीकडील काळातील सर्वांत गाजलेला प्रकार दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे दाराशी उभ्या असणाऱ्या प्रॉक्सींसंबंधीचा आहे. वेबच्या नव्या नियमावलीनुसार एकाच जोडणीवरून अनेक मागण्या एकदम पाठविता येतात आणि नको असलेली मागणी मध्येच रद्दही करता येते. एका वेळी किती मागण्या उघड्या असाव्यात यास मर्यादा असते. हल्लेखोरांनी असे केले, की मागणी पाठवावयाची आणि त्याच क्षणी ती रद्द करावयाची. रद्द झालेली मागणी मोजणीत धरली जात नसल्याने मर्यादा कधीच ओलांडली जात नाही. पण प्रॉक्सीने तोपर्यंत आतल्या यंत्रणेस कामाला लावलेले असते. हॉटेलात दहा चहा सांगावेत, आधण ठेवले जाताच नको म्हणावे, पुन्हा दहा सांगावेत, असे दिवसभर चालावे, तसे. १० ऑक्टोबर २०२३ रोजी गूगल, क्लाउडफ्लेअर आणि ॲमेझॉन या तीन कंपन्यांनी हा प्रकार एकत्रितपणे जाहीर केला. गूगलने नोंदविलेला कमाल जोर दर सेकंदास ३९.८ कोटी मागण्यांचा होता आणि क्लाउडफ्लेअरचा २०.१ कोटींचा. क्लाउडफ्लेअरवरील हल्ल्यामागे सुमारे २०,००० यंत्रेच होती, ही गोष्ट आकड्याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. एनजिन्एक्समध्ये एका जोडणीवर एक हजार मागण्यांची मर्यादा मुळातच घातलेली असल्यामुळे, ती कोणी हाताने वाढविली नसेल तर, त्यास या प्रकाराची झळ पुष्कळच कमी लागते. गती वाढावी म्हणून अशा मर्यादा सैल करून ठेवण्याची सवय काही तंत्रज्ञांस असते, तिचा फेरविचार व्हावा.

प्रत्येक खोळंब्यामागे शत्रू असतोच असेही नाही. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरचे जगभरचे प्रॉक्सी सुमारे २७ मिनिटे जवळजवळ ठप्प झाले ते कंपनीनेच लागू केलेल्या एका नव्या नियमामुळे. घातक मजकूर ओळखण्यासाठी लिहिलेला तो नियम असा गुंतागुंतीचा होता, की एकेक ओळ तपासताना संगणक असंख्य शक्यता धुंडाळत बसे व त्याची सारी गणनशक्ती त्यातच खर्च होई. चोर पकडण्यासाठी बसविलेल्या चौकीवरच वाहतूक कोंडावी, असा हा प्रसंग होता.

न वापरलेली वेस

स्क्विडच्या इतिहासातील एक प्रकरण स्वतंत्रपणे सांगण्याजोगे आहे. १९९१ च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ‘गोफर’ नावाची माहिती देवाणघेवाणीची पद्धत निघाली होती. वेब लोकप्रिय होताच ती मागे पडली. तथापि स्क्विडमध्ये गोफरसाठी ठेवलेला मार्ग तसाच राहिला, आणि तोही मुळात उघडा. २०२३ मध्ये असे आढळले, की या मार्गाने प्रॉक्सी कोसळविता येतो. अखेरीस ६.०.१ या आवृत्तीपासून तो मार्गच काढून टाकण्यात आला. कोतवाली वेस, राजुरी वेस ही नावे ज्या शहरात अजून लोकांच्या तोंडी आहेत, त्या बीडच्या रहिवाशांस हे सहज समजेल. वेशीचा दरवाजा वापरात नसला, तरी तो बंद आहे की नाही हे पाहणारा पहारेकरी लागतोच. संगणकावर न वापरलेली सोय ही न राखलेली वेस होय.

हे दोष एवढी वर्षे का राहिले, याचेही उत्तर उपलब्ध आहे. जोशुआ रॉजर्स या अभ्यासकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्क्विडची कसून तपासणी केली आणि ५५ उणिवा शोधून त्या करणाऱ्यांना कळविल्या. अडीच वर्षे वाट पाहून ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने त्या जाहीर केल्या, तेव्हा त्यांतील ३५ दुरुस्त व्हावयाच्या होत्या. यात करणाऱ्यांचा हलगर्जीपणा शोधणे अन्यायाचे ठरेल. मोजके स्वयंसेवक आपला वेळ देऊन हे सॉफ्टवेअर सांभाळतात आणि जगभरातील असंख्य संस्था ते फुकट वापरतात. सार्वजनिक विहिरीतून सगळेच पाणी नेतात, गाळ काढावयास मात्र चार माणसे मिळत नाहीत, असा अनुभव कोणत्या गावास नाही? मोफत सॉफ्टवेअर स्वीकारताना खरेदीचा खर्च वाचतो. देखभालीचा वाचत नाही. निविदा काढताना हा फरक पुष्कळदा नजरेतून सुटतो.

एकाच पत्त्यामागे सारे गाव

आता जिल्ह्यातील परिस्थितीस थेट लागू होणारा एक प्रश्न. सेवा केंद्रातील दोन संगणक, ग्रामपंचायतीचा एक, शाळेतील दहा, असे सगळे एकाच जोडणीवर असतील, तर बाहेरच्या जगास त्यांचा एकच पत्ता दिसतो. मोबाईलच्या जाळ्यातही अनेक ग्राहकांना मिळून एक पत्ता देण्याची रीत आहे. हल्ला ओळखण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे एका पत्त्यावरून येणाऱ्या मागण्या मोजणे आणि ठरावीक संख्येपलीकडे त्या नाकारणे. शहरातील घरगुती ग्राहकास हा नियम जाचत नाही. परंतु ३१ जुलैला सायंकाळपर्यंत शंभर शेतकऱ्यांचे अर्ज एकाच संगणकावरून भरणारे सेवा केंद्र, केवळ आकड्यांवरून पाहता, हल्लेखोरासारखेच दिसते. गर्दी आणि हल्ला यांचे बाह्यरूप सारखे असते, हीच या विषयातील खरी अडचण आहे.

त्यात आणखी एक भर पडते. त्याच जोडणीवरील एखाद्या संगणकात किंवा फोनमध्ये घातक प्रोग्राम शिरलेला असेल आणि तो मालकाच्या नकळत कोठेतरी मागण्यांचा भडिमार करीत असेल, तर दोषी ठरतो तो सामाईक पत्ता. मग शाळेतील एका यंत्रामुळे सेवा केंद्राची सेवा बंद होऊ शकते. दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात निघणाऱ्या कुटुंबास निघण्यापूर्वी जो दाखला हवा असतो त्याला ‘दोन दिवसांनी या’ हे उत्तर देता येत नाही. मुकादमाची गाडी त्याच्यासाठी थांबत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते पोर्टल चालविणाऱ्यांनी करावयाचे आहेत. मागण्यांची मोजणी केवळ पत्त्यावरून न करता नोंदणीकृत केंद्राच्या ओळखीवरून करणे. अखेरच्या आठवड्यासाठी मर्यादा आधीच फेरठरविणे. भार वाढल्यास मागणी झिडकारण्याऐवजी क्रमांक देऊन रांगेत उभी करणे. आणि अर्धवट भरलेला अर्ज जपून ठेवणे. शेवटचा उपाय सर्वांत साधा असून त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. वीस मिनिटे भरलेली माहिती जोडणी तुटताच नाहीशी झाली, की केंद्रचालक तीच पुन्हा भरतो, म्हणजे तेवढ्याच मागण्या पुन्हा पाठवितो. अशा रीतीने प्रामाणिक माणसेच नकळत भार दुप्पट करीत राहतात.

कायदा आणि स्थानिक व्यवस्था

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणकाच्या कामात व्यत्यय आणणे आणि अधिकृत व्यक्तीस संगणकाचा वापर नाकारला जाईल असे कृत्य करणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेच कृत्य अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संगणक शिकविणाऱ्या शिक्षकांनी हे विद्यार्थ्यांपुढे आवर्जून मांडावे. अशा हल्ल्यांची साधने इंटरनेटवर सहज मिळतात आणि कुतूहल म्हणून ती दुसऱ्याच्या संकेतस्थळावर चालवून पाहण्याचा मोह तरुणांस होतो. प्रयोगच करावयाचा तर तो शाळेच्या दोन संगणकांत, बाहेरची तार काढून ठेवून करावा. एक संगणक स्लोलॉरिसप्रमाणे अर्धवट मागण्या पाठवितो आणि दुसरा हळूहळू गप्प होतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर वर्गात निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही. त्यानंतर वाट पाहण्याची मुदत पाच मिनिटांवरून दहा सेकंदांवर आणून तोच प्रयोग पुन्हा करावा.

संस्थेच्या पातळीवर करावयाच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. प्रॉक्सी केवळ आपल्या कार्यालयातील संगणकांनाच उत्तर देईल अशी व्यवस्था पहिली. स्क्विड सामान्यतः ३१२८ या क्रमांकाच्या दारावर ऐकतो, आणि ते दार साऱ्या जगास खुले राहिले, तर परके लोक त्याचा वापर करू लागतात व वर सांगितलेली प्रत्येक उणीव त्यांच्या आवाक्यात येते. न लागणाऱ्या सोयी बंद कराव्यात. वार्षिक देखभालीच्या करारात ‘यंत्र चालू स्थितीत ठेवणे’ एवढेच कलम न घालता, सुरक्षेची नवी आवृत्ती निघाल्यापासून किती दिवसांत ती बसविली जाईल हे लिहून घ्यावे. नोंदींनी डिस्क भरून गेल्यास प्रॉक्सी आपोआप बंद पडतो. अशा वेळी हल्ल्याचा संशय घेऊन दोन दिवस चौकशी चालते आणि अखेर जुन्या नोंदी हलविताच काम सुरू होते. म्हणून महिन्यातून एकदा डिस्कवरील मोकळी जागा पाहण्याचे काम कोणा एकाच्या नावे असावे.

ग्रामपंचायत पातळीवर प्रॉक्सी चालविला जात नसला, तरी एक गोष्ट तेथेही करता येते. सेवा बंद असताना आलेल्या प्रत्येक अर्जदाराचे नाव, कामाचे स्वरूप आणि वेळ एका नोंदवहीत घेऊन त्यास दिनांकाची पोच द्यावी. मुदत वाढवून मागताना किंवा लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपील करताना ‘सर्व्हर डाऊन होता’ या तोंडी वाक्यापेक्षा अशी पोच पुष्कळ उपयोगी पडते.

या नोंदींना आणखी एका कारणाने महत्त्व आहे. संगणक सुरक्षेसंबंधीच्या घटना हाताळण्यासाठी केंद्र शासनाची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून कार्यरत आहे. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, सेवा बंद पाडणारे हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळविणे बंधनकारक असून ते शासकीय संस्थांनाही लागू आहे. संगणकीय नोंदी १८० दिवस भारतातच जपून ठेवणेही आवश्यक आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात महाराष्ट्र सायबर विभागाने देशातील संकेतस्थळांवर सुमारे १५ लाख हल्ले झाल्याचे व त्यांपैकी १५० यशस्वी ठरल्याचे सांगितले होते. एवढ्या गर्दीत कोणता हल्ला कोठून कोठे गेला हे शोधावयाचे, तर निरनिराळ्या यंत्रांवरील नोंदी एकमेकींशी जुळाव्या लागतात. यासाठी सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवून ठेवावीत, असे त्याच निर्देशांत सांगितले आहे. प्रॉक्सीचे घड्याळ अकरा मिनिटे मागे आणि आतल्या सर्व्हरचे चार मिनिटे पुढे असेल, तर सकाळी दहा वाजता बंद पडलेल्या सेवेची नोंद एका ठिकाणी नऊ वाजून एकोणपन्नास मिनिटांची व दुसऱ्या ठिकाणी दहा वाजून चार मिनिटांची दिसेल, आणि सहा तासांची मुदत कोणत्या क्षणापासून मोजावी हे सांगणे अवघड होईल.